जुनी रेसिंग सायकल: नवी करावी, की जुनीच राखावी?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत लंडन, लीड्स किंवा डर्बीच्या एखाद्या छोट्या कारखान्यात हाताने जोडलेली रेसिंग सायकल आज कुणाच्या हाती लागली, तर ती बहुधा फारशा बऱ्या अवस्थेत नसते. रंग पोपडे धरून सुटलेला असतो, क्रोमवर गंजाचे ठिपके असतात, सीटची पिन चौकटीत रुतून बसलेली असते आणि चाके भलत्याच सायकलची असतात. घेणाऱ्यापुढे लगेच दोन प्रश्न उभे राहतात. ही सायकल नेमकी कोणाची आणि केव्हाची? आणि तिला कोणत्या रूपात परत आणायचे?

पहिला प्रश्न इतिहासाचा आणि दुसरा कारागिरीचा, अशी वाटणी बरेच जण करतात. गेल्या काही दशकांतली चर्चा पाहिली, तर ही वाटणी टिकत नाही असे माझे मत झाले आहे. ब्रिटनमध्ये १९५५ साली जुन्या सायकलींच्या हौशी लोकांनी व्हेटरन-सायकल क्लब स्थापन केला. १९९० मध्ये ग्लासगोला सायकलच्या इतिहासाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९९७ मध्ये इटलीतल्या तोस्काना प्रांतात ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. या तीन प्रवाहांतून आलेली माणसे आज एकाच चौकटीकडे तीन नजरांनी पाहतात. त्यांच्यातले मतभेद कुठे आहेत, कुठे मिटले आहेत आणि कुठे मिटण्याची चिन्हे नाहीत, हे इथे पाहायचे आहे.

पार्श्वभूमी: नळ्या, शर्यती आणि सवयी

रेसिंग सायकलचा कणा म्हणजे पोलादी नळी. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये ‘बटेड’ नळीचे पेटंट घेतले. ही नळी जोडाच्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. जिथे तापवून जोड भरायचा तिथे धातू भरपूर आणि बाकी ठिकाणी वजन कमी, असा तो हिशेब. याच कंपनीने १९३५ मध्ये मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ ही नळी बाजारात आणली आणि पुढची चाळीसेक वर्षे ब्रिटिश रेसिंग सायकलींवर तिचेच राज्य राहिले. इटलीत मिलानच्या कोलंबो घराण्याची ‘कोलंबस’ नळी तशीच मानाची. नळ्या लगमध्ये, म्हणजे जोडावरच्या धातूच्या बाहीत, बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने जोडत. लगच्या कडा कानशीने घासून घासून पातळ करत, आणि त्या घासण्यावरूनच जाणकार कारागिराचा हात ओळखतात.

ब्रिटनमधली शर्यतीची पद्धत मात्र युरोपपेक्षा वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या राष्ट्रीय सायकल संघटनेने सार्वजनिक रस्त्यांवर झुंडीने शर्यती लावण्यास मनाई केली. त्यातून ‘टाइम ट्रायल’ रुजली. पहाटे, काळ्या कपड्यांत, एकेक स्वार ठरावीक अंतराने सोडायचा आणि ज्याची वेळ कमी तो जिंकला. सायकलपटू पर्सी स्टॅलर्ड यांनी जून १९४२ मध्ये लँगॉलेन ते वुल्वरहॅम्प्टन अशी सामूहिक शर्यत घेऊन ही मनाई मोडली. त्याच वर्षी त्यांनी वेगळी लीग काढली. संघटनांमधला हा झगडा १९५९ मध्ये दोन्हींच्या विलीनीकरणाने संपला.

ही हकिकत सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या फार कामाची आहे. टाइम ट्रायलला जाणारा तरुण साधा कामगार किंवा कारकून असे आणि त्याच्याकडे एकच सायकल असे. आठवडाभर तीच कामावर जायला, रविवारी तीच शर्यतीला. रस्त्यावर वापरायची जाड टायरची चाके सायकलला लावून तो शर्यतीच्या ठिकाणी पोहोचे. ट्युब्युलर टायरची हलकी चाके पुढच्या अ‍ॅक्सलला बसवलेल्या दोन पट्ट्यांवर, हँडलच्या दोन बाजूंना बांधून नेई आणि तिथे चाके बदले. मग त्या सायकलची ‘मूळ’ चाके कोणती म्हणायची? शिवाय यातल्या बहुतेक सायकली पूर्ण सायकल म्हणून विकल्याच गेल्या नव्हत्या. गिऱ्हाईक चौकट आणि चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) बनवून घेई. हब, ब्रेक, क्रँक ऐपतीप्रमाणे एकेक करून जमवी आणि पुढे पैसे आले की बदली. १९४८ च्या चौकटीला १९५३ मध्ये इटलीच्या काम्पान्योलो कंपनीचा ‘ग्रान स्पोर्ट’ गिअर लागला असेल, तर तो बदल त्याच स्वाराने आपल्या उमेदीच्या काळात केलेला आहे. कंपनीच्या कॅटलॉगमधले चित्र समोर ठेवून सायकल ‘मूळ रूपात’ आणण्याची कल्पना इथे पहिल्याच पायरीवर अडखळते.

सायकल ओळखण्याची साधने

शोधाची सुरुवात चौकटीच्या क्रमांकापासून होते. क्रँकचा अ‍ॅक्सल ज्यात बसतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या पोटाखाली, मागच्या चाकाच्या खाचेवर किंवा सीटच्या लगवर तो ठोकलेला असतो. सगळ्या कारागिरांची मिळून एक नोंदवही कधीच नव्हती. प्रत्येकाची पद्धत निराळी, आणि कित्येकांच्या वह्या दुकान बंद पडले तेव्हाच गेल्या. व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका नावाचा ध्यास घेतलेली माणसे हयात असलेल्या सायकलींचे क्रमांक जमवून यादी करतात आणि त्या यादीत नवा क्रमांक कुठे बसतो ते सांगतात. या पद्धतीतून अंदाज मिळतो, दाखला मिळत नाही. तिला नावे ठेवण्याचे मात्र कारण नाही, कारण दुसरा मार्गच उरलेला नाही. मोठ्या कंपन्यांचे बरे आहे. १८८७ पासूनच्या रॅलेची कागदपत्रे नॉटिंगहॅमशायरच्या अभिलेखागारात आहेत. वॉरिक विद्यापीठात राष्ट्रीय सायकल अभिलेखागार आहे.

कागद संपतो तिथून पुढे सायकल स्वतः बोलते. चिमटा काढून त्याच्या वरच्या नळीवर क्रमांक पाहावा. तो चौकटीशी जुळला, तर चिमटा मूळचा. सीटच्या पिनचा व्यास मोजावा. २७.२ मिलिमीटरची पिन सहज बसत असेल, तर नळी पातळ, म्हणजे वरच्या दर्जाची बटेड असण्याची शक्यता मोठी. पिन २६.४ ची असेल आणि चौकटीवर मात्र उंची ५३१ नळीचे स्टिकर असेल, तर स्टिकरवर विश्वास ठेवू नये. स्टिकरच्या नकला सर्रास मिळतात, नळीच्या आतला व्यास बदलता येत नाही.

बॉटम ब्रॅकेटचे आटेही बरेच काही सांगतात. ब्रिटिश पद्धतीत उजव्या बाजूच्या बेअरिंगच्या कपाला उलटे आटे असतात, इंचाला २४. इटालियन आटेही इंचाला २४ च, पण व्यास ३६ मिलिमीटर आणि दोन्ही बाजू सुलट. फ्रेंचांचा व्यास ३५ मिलिमीटर, दोन आट्यांत एक मिलिमीटरचे अंतर, दोन्ही बाजू सुलट. रॅलेने आपल्या कारखान्यासाठी इंचाला २६ आटे ठेवले होते, त्यामुळे बाजारातला साधा कप त्यात धरत नाही. इटलीची म्हणून विकलेल्या चौकटीत उजवा कप उलटा फिरून सुटला, तर सावध व्हावे. कोणत्या देशाची चौकट आहे हे न ठरवता लांब पान्याला जोर लावणाऱ्यांनी कित्येक कप आणि त्याबरोबर आटेही खाल्ले आहेत. म्हणून मी म्हणतो, इतिहास आधी आणि पाना मागून.

सुट्या भागांवरही तारखा असतात. स्टर्मी-आर्चरच्या गिअर हबवर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. विल्यम्सच्या क्रँकवर वर्षाची खूण अक्षरांत असते. सत्तरच्या दशकातल्या काम्पान्योलो ‘नुओव्हो रेकॉर्ड’ गिअरवर पेटंट या शब्दापुढे वर्षाचे आकडे असतात. या सगळ्या तारखा त्या त्या भागाच्या आहेत, चौकटीच्या नव्हेत. हब १९५२ चा निघाला म्हणजे सायकल १९५२ ची ठरत नाही. मात्र हब, क्रँक, ब्रेक आणि चौकटीचा अंदाज एका-दोन वर्षांत जमले, तर हे सगळे एकत्रच जोडले गेले होते असे मानायला आधार मिळतो.

नावाचाही भरवसा धरता येत नाही. मोठे स्वार आपल्या विश्वासातल्या कारागिराकडून चौकट करून घेत आणि तिच्यावर पुरस्कर्त्याचे नाव रंगवत. एडी मर्क्स यांच्या सायकलींवर त्यांचेच नाव असे. चौकटी मात्र मासी, कोल्नागो आणि पुढे दे रोसा यांच्या हातच्या होत्या. मर्क्स यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ज्या सायकलवर एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ती कोल्नागोने बनवलेली होती. आज ती ब्रसेल्समध्ये, त्यांच्याच नावाच्या मेट्रो स्थानकात ठेवली आहे.

काय करावे: मुख्य भूमिका

पहिली भूमिका पूर्ण नूतनीकरणाची. जुना रंग काढायचा, गंज साफ करायचा, क्रोम नव्याने चढवायचे, स्टिकर नवे लावायचे आणि सायकल दुकानातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी करायची. या मताच्या लोकांना अज्ञानी समजण्याची फॅशन आहे, ती अन्यायाची आहे. त्यांचा मुद्दा ठोस आहे. त्या काळचे स्वार स्वतःच दर काही वर्षांनी चौकट कारागिराकडे परत पाठवून तिला नवा रंग चढवून घेत. अशा रंगकामाच्या जाहिराती तेव्हाच्या कॅटलॉगमध्ये आहेत. डर्बीच्या मर्शियनसारख्या १९४६ पासूनच्या कारखान्याने हे काम आजच्या काळापर्यंत चालू ठेवले. पुन्हा रंगवणे हीच जर त्या सायकलींची रीत असेल, तर आजच त्यावर बंदी का?

दुसरी भूमिका जतनाची. तिची वैचारिक मुळे इमारतींच्या वादात आहेत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक यांनी जुन्या वास्तू पूर्णत्वाला नेण्याचा पुरस्कार केला. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी त्याला कडाडून विरोध केला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने यावर मधला, पण जतनाकडे झुकणारा मार्ग आखला: अंदाज सुरू होतो तिथे नूतनीकरण थांबले पाहिजे. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने २०१३ च्या तुरीन सनदेत हाच विचार वाहनांना लावला. सायकलींना अशी सनद नाही, पण तिथली भाषा सायकलवाल्यांनी उचलली आहे. या गटाच्या मते मूळ रंग एकदाच असतो. तेलाच्या फडक्याने पुसावे, गंज थोपवावा, मेणाचा थर द्यावा आणि थांबावे.

या मताची सर्वांत ठळक साक्ष इटलीत कोमो सरोवराजवळच्या गिझालो टेकडीवरच्या छोट्या चर्चमध्ये मिळते. सायकलस्वारांची रक्षणकर्ती मानलेल्या मादोन्नाचे हे स्थान. तिथे कोप्पी, बार्ताली, मर्क्स अशा नामवंत स्वारांच्या सायकली आहेत आणि १९९५ च्या तूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या उतारावर प्राण गमावलेल्या फाबियो कासार्तेल्ली या तरुण स्वाराची सायकलही आहे, अपघातात वाकली तशीच. ती सरळ करावी असे कुणाच्याही मनात येणार नाही. जतनवाद्यांचे म्हणणे एवढेच की, हीच नजर कमी प्रसिद्ध सायकलींकडेही वळवावी. मला हे म्हणणे पटते. फक्त दर वेळी पटते असे नाही. गॅरेजमध्ये पाणी लागून नळीला आतून भोक पडत आले असेल, तर तो गंज म्हणजे इतिहास नव्हे, नुकसान आहे.

तिसरी भूमिका स्वारांची. सायकल चालवण्यासाठी आहे, आणि चालवायची तर ब्रेक लागले पाहिजेत, चढ चढता आला पाहिजे. लेरोइकाच्या नियमांनी या मताला शिस्त दिली. सायकल १९८७ पूर्वीची, गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर, पेडलला पट्टे, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून. मात्र सोपे गिअर आणि नवे टायर चालतात. कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर दिवसभर चालवायचे तर एवढी सवलत हवीच. टीका अशी की, अशा नियमांमुळे एक विशिष्ट इटालियन नमुना सगळीकडे आदर्श ठरतो. ब्रिटिश टाइम ट्रायलची एकाच गिअरची, पाय न थांबवता चालवायची सायकल त्या चित्रात नीट बसत नाही.

चौथे मत गेल्या काही वर्षांत हळूहळू पुढे आले आहे आणि मला ते सर्वांत जास्त विचार करण्याजोगे वाटते. सायकलच्या आयुष्यातला एक काळ पुराव्यानिशी निवडायचा आणि तिला त्या काळात आणायचे. पहिल्या मालकाचा फोटो, शर्यतीचे निकाल, रंगाचे थर असा जो आधार असेल तो वापरायचा. सीटच्या क्लॅम्पखाली, जिथे उजेड पोचत नाही, तिथे बारीक पॉलिश पेपरने नखाएवढी जागा हळूहळू घासली की थर एकाभोवती एक उघडतात: वर काळा, त्याखाली लाल, त्याखाली चंदेरी अस्तर आणि तळाशी प्रायमर. लाल रंगाच्या काळात सायकलने नाव केले असेल, तर काळा काढून लालवर थांबता येते का, हा प्रश्न मग हातात घ्यावा लागतो.

रंग, आम्ल आणि धोका

इथे मतांपेक्षा द्रव्यांचे गुणधर्म जास्त ठरवतात. पन्नासच्या दशकात ब्रिटनमध्ये ‘फ्लॅम्बॉयंट’ रंगाची हौस होती. चंदेरी किंवा तांबूस अस्तरावर पारदर्शक रंगाचे थर देत. छटा थरांच्या जाडीवर अवलंबून असल्यामुळे मधलाच एक ओरखडा भरून जुळवणे जवळपास अशक्य असते. अशा चौकटीवर पूर्ण रंगकाम किंवा ओरखड्यासह जतन, दोनच पर्याय उरतात. इटलीच्या बियांकी कंपनीच्या निळसर-हिरव्या ‘चेलेस्ते’ रंगाची अडचण वेगळी. त्याची छटा वर्षानुवर्षे बदलत गेली, त्यामुळे आजच्या डब्यातला रंग कोप्पीच्या काळच्या सायकलला लावणे चूक ठरते.

पावडर कोटिंगवरून वाद जोरात असतो. भट्टीचे तापमान साधारण २०० अंश, आणि लगमधले पितळ वितळायला त्याच्या चौपटीहून जास्त उष्णता लागते; तेव्हा जोड सुटण्याची भीती निराधार आहे. खरी हरकत दोन गोष्टींवर आहे. जाड थरामुळे लगच्या घासलेल्या कडा बुजतात. आणि रंग काढण्यासाठी वाळूचा जोरदार मारा केला, तर मध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीची नळी आणखी पातळ होते. गंजासाठी ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणात चौकट भिजवण्याची पद्धत लोकप्रिय आहे, कारण रंग बराचसा टिकतो. ते विषारी आहे आणि काही रंग त्यात फिके पडतात, हे मात्र सांगणारे कमी. जुन्या रंगात शिसे असते. तो कोरडा घासून धूळ उडवणे हे कोणत्याही मताच्या माणसाने टाळावे.

रुतलेली अ‍ॅल्युमिनियमची पिन हे नेहमीचे दुखणे. दोन धातूंमध्ये ओल जाऊन क्षार धरतो आणि पिन चौकटीत जणू वितळून बसते. भेदक तेल, धीर आणि शेवटी कॉस्टिक सोडा असा क्रम आहे. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खाते, पोलाद सोडते. पण रंगही खाते, उष्णता आणि हायड्रोजन वायू सोडते. जतनवादी आणि नूतनवादी या टप्प्यावर एकाच बाजूला असतात: पिन गेली तरी चालेल, चौकट वाचवा.

सुरक्षिततेवर अजून तोडगा नाही. फ्रान्सच्या अव्हा कंपनीचे जुने हँडल-स्टेम तुटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. ब्रिटनच्या लँबर्ट आणि व्हायकाउंट सायकलींचा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा चिमटाही तसाच, आणि तो परत मागवावा लागला होता. असे भाग इतिहासाच्या दृष्टीने मूळचे आणि स्वाराच्या दृष्टीने जीवघेणे. ते काढून बाजूला जपून ठेवावेत आणि रस्त्यावर दुसरे लावावेत, यावर आता बहुतेकांचे एकमत होत चालले आहे. पन्नास-साठ वर्षांच्या बाकीच्या अ‍ॅल्युमिनियम हँडलांचे काय करायचे, त्यावर नाही.

आपल्याकडचा धागा

भारतात रेसिंग सायकलींची संख्या कमी होती. इथे टीआय सायकल्सची हर्क्युलिस, आसनसोलची सेन-रॅले, मुंबईची हिंद अशा उभ्या हँडलच्या सायकलींचेच राज्य होते. तरी मुंबई–पुणे शर्यतीची परंपरा असलेल्या या भागात बाहेरून आलेली एखादी हलकी चौकट सापडू शकते आणि तेव्हा तीच साधने कामी येतात. एक जास्तीचे साधन आपल्याकडे आहे. नगरपालिका सायकलवर कर घेऊन बिल्ला देत. चौकटीला अडकवलेला तो बिल्ला सायकल कोणत्या गावात वापरात होती ते सांगतो, कधीकधी वर्षही. साफसफाईत सर्वांत आधी फेकली जाणारी वस्तू मात्र हीच. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. जुन्या सायकली इथे एकत्र पाहायला मिळतात.

आपला सायकलवाला ओव्हरऑइलिंग उत्तम करतो, चाकाचा आउट काढण्यात त्याचा हात धरणारा कमी सापडेल. अडचण मापांची येते. त्याच्या लेखी २८ इंची टायर म्हणजे ६३५ मिलिमीटरच्या रिमचा. ब्रिटिश रेसिंग सायकलचा २७ इंची टायर ६३० चा आणि आजचा ७००सी ६२२ चा, जो जर्मनीत २८ म्हणूनच विकला जातो. नावावर जाऊन मागवलेला टायर परत करावा लागतो. रंगाची भट्टी आणि प्लेटिंग आपल्याकडे सहज होत असल्याने आधी चौकट रंगायला टाकायची आणि मग चौकशी करायची, असा उलटा क्रमही रूढ आहे. रंगाचे थर, जुनी अक्षरे, बिल्ल्याखालची खूण हा सगळा पुरावा त्या एका दुपारी जातो.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत मोठा प्रश्न बाजाराचा आहे. काम्पान्योलोचे सुटे भाग वेगळे विकले, तर बहुतेकदा पूर्ण सायकलपेक्षा जास्त पैसे मिळतात. म्हणून पूर्ण सायकली फोडल्या जातात. चौकट एकीकडे, हब दुसरीकडे, आणि ते इतकी वर्षे एकत्र होते ही माहिती कुठेच नाही. जतनवादी यावर हळहळतात, पण नूतनीकरण करणाऱ्याला तोच बाजार भाग पुरवतो, आणि काळ निवडून सायकल जुळवणाऱ्यालाही.

दुसरा प्रश्न नोंदींचा. क्रमांकांच्या याद्या, जुन्या कारागिरांच्या मुलाखती, फोटो हे बरेचसे एकेका हौशी माणसाच्या कपाटात आहे. अभिलेखागार संस्थांची कागदपत्रे घेतात, व्यक्तींच्या वह्या त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतात. दुरुस्ती करताना काय काढले आणि काय बदलले याची लेखी नोंद सायकलबरोबर पुढच्या मालकाकडे जावी, ही मोटारींच्या जगातली रीत सायकलींमध्ये अजून रुजलेली नाही.

तिसरा प्रश्न दाराशी येऊन ठेपला आहे. आलान आणि व्हिटसच्या गोंदाने चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियम चौकटी, १९८६ मध्ये ग्रेग लेमंड यांनी ज्यावर तूर द फ्रान्स जिंकली ती लूकची कार्बन चौकट, या आता जुन्या सायकलींमध्ये मोजल्या जाऊ लागल्या आहेत. त्यांना पुन्हा पितळ भरता येत नाही, भट्टीत घालता येत नाही, आणि आतला जोड सुटत आला आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. शॉन केली यांनी व्हिटसवर शर्यती जिंकल्या, म्हणून तशी चौकट रस्त्यावर आणावी, की तिला भिंतीवरच ठेवावे, यावर पोलादी सायकली दुरुस्त करणारे अनुभवी लोकही आज एक उत्तर देत नाहीत.